शिळेवरील अक्षर : गणपत कृष्णाजी यांचें चरित्र

पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा प्रसाद वांटून झाला, म्हणजे नवें पंचांग पाटावर ठेवून त्याची पूजा करावी व जोशीबोवांच्या तोंडून वर्षफळ ऐकावें, असा परिपाठ आपल्या वऱ्हाडांत अनेक पिढ्या चालत आला आहे. मृग केव्हां लागतो, एकादशी कोणत्या दिवशीं धरावयाची, लग्नाच्या तिथी किती, हें सर्व त्या पातळ पुस्तकांत सांपडतें. अमरावतीच्या वा अकोल्याच्या कोणत्याही पेठेंत तें थोडक्या पैशांत मिळतें. आणि जी वस्तु सहज मिळते, ती प्रथम कोणीं व किती कष्टांनीं सिद्ध केली, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. तरी विद्यार्थिमित्रहो, छापील मराठी पंचांग प्रथम घरोघर नेण्याचें श्रेय ज्या गृहस्थांकडे जातें, ते कोणी ज्योतिषी नव्हते, शास्त्रीपंडित नव्हते, अथवा धनाढ्य सावकारही नव्हते. ते एका छापखान्यांतील कामकरी होते. त्यांचें नांव गणपत कृष्णाजी. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

गणपत कृष्णाजी मुंबईस राहत. ज्ञातीनें ते भंडारी. ज्या काळीं लिहिणें-वाचणें हा थोड्या घराण्यांचा वारसा समजला जात असे, त्या काळीं ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्याशीं त्यांच्यासारख्या मनुष्याचा संबंध जडावा, हेंच मुळीं नवल होतें. हा संबंध जडला तो मिशनच्या छापखान्यामुळें. इ. स. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनीं १८१६-१७ च्या सुमारास तेथें छापखाना घातला. आरंभीं देवनागरी खिळे कलकत्त्याहून आणावे लागत. पुढें त्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम नांवाचा एक हुशार तरुण तयार झाला. त्यानें देवनागरी व गुजराती अक्षरांचे सुबक ठसे स्वतः कोरून नवे खिळे पाडले. या ग्रॅहॅमच्या हाताखालीं गणपत कृष्णाजी यांनीं काम केलें. ठसा कसा कोरतात, शाई कशी घोटतात, कागद ओला किती करावा आणि दाब किती द्यावा, हें सारें ते तेथें पाहत होते. पुष्कळ लोक पाहतात आणि विसरतात. गणपत कृष्णाजी पाहत आणि घरीं येऊन करून बघत. त्यांच्या पुढील सर्व यशाचें बीज या एका संवयींत आहे.

त्यांनीं काय साधलें हें नीट ध्यानांत येण्यासाठीं तत्पूर्वीं आपल्याकडे ग्रंथांची स्थिति कशी होती हें पाहिलें पाहिजे. पोथी पाहिजे असेल तर ती लेखकाकडून लिहवून घ्यावी लागे. बोरूनें एकेक अक्षर काढीत महिनेच्या महिने जात. आणि नकलेवरून नक्कल उतरतांना चुकीवर चूक चढत जाई. काव्याच्या पोथींत एखादी मात्रा चुकली तर वाचणारा ती सुधारून घेऊं शके. पंचांगांत मात्र एका आंकड्याची चूक झाली तर उपास भलत्या दिवशीं घडे व मुहूर्त टळे. गांवच्या जोश्याजवळ लिहिलेलें पंचांग असे. बाकीच्यांनीं त्याच्याकडे जाऊन विचारावें. ज्ञानाचा साठा थोड्या हातीं राही, याचें एक मोठें कारण असें कीं, त्याच्या प्रती थोड्या होत.

ही अडचण जाणत्या लोकांस कळत नव्हती असें नाहीं. पेशवाईच्या अखेरच्या काळांत नाना फडणविसांनीं एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरवून ती छापण्याचा उद्योग आरंभला होता. इ. स. १८०० मध्यें नाना वारले आणि तें काम तसेंच राहिलें. पुढें त्या कारागिरास मिरजेच्या पटवर्धनांचा आश्रय मिळाला व १८०५ साली मिरजेस गीता छापली गेली. त्याच वर्षीं तिकडे बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. तांब्याचा पत्रा कोरणें हें मोठ्या कौशल्याचें काम खरें. परंतु प्रत्येक पान कोरावयाचें, आणि दुसरा ग्रंथ घेतला कीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. उलट पक्षीं खिळे एकदां तयार झाले म्हणजे ते पुन्हा पुन्हा जुळवितां येतात. पण आपल्या बाळबोध लिपींत काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें धरून निरनिराळे शेंकडों खिळे लागतात. इतके ठसे कोरविण्यास लागणारा पैसा सामान्य मनुष्यानें आणावा कोठून? तेव्हां ज्यास कोरावें लागत नाहीं व खिळेही लागत नाहींत, अशी एखादी तिसरी रीत मिळाली तरच गरिबाला छापखाना घालतां येण्यासारखा होता.

ती रीत निघाली होती जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत. आलोइस झेनेफेल्डर हा एका नटाचा मुलगा, १७७१ साली प्राग शहरीं जन्मलेला. बाप वारल्यावर घरची स्थिति खालावली. मुलगा नाटकें लिही, परंतु तीं छापवून घेण्यास त्याजवळ पैसा नसे; म्हणून आपलीं पुस्तकें आपणच छापावीं या हट्टानें तो तांब्याच्या पत्र्यांवर तेजाबाचे प्रयोग करूं लागला. तांबें महाग, यासाठीं सरावाकरितां त्यानें त्या भागांत मिळणारी गुळगुळीत चुनखडीची फरशी घेतली. १७९६ साली एके दिवशीं परटिणीकडे द्यावयाच्या कपड्यांची यादी करण्यास घरांत कागद सांपडेना, तेव्हां मेण, साबण व काजळी यांच्या आपल्या शाईनें त्यानें ती यादी त्या फरशीवरच लिहिली. नंतर त्यावर तेजाब ओतून पाहिलें. अक्षरांखालचा दगड शाबूत राहिला व भोंवतालचा थोडासा झिजला. येथून पुढें दोन वर्षें खटपट केल्यावर १७९८ साली त्यास खरें रहस्य उमगलें. दगड झिजविण्याची गरजच नाहीं. अक्षर उंच नको आणि खोलही नको. सपाट दगडावर तेलकट जागा आणि ओली जागा असा नुसता भेद राखला तरी छापतां येतें.

हें कसें घडतें तें आपल्यांपैकीं प्रत्येकानें नकळत पाहिलेलें आहे. पाटीवर तेलकट बोट उमटलें आणि त्यावरून ओला बोळा फिरविला, तर तेवढ्या जागीं पाणी ठरत नाहीं; तें आजूबाजूस पळतें. झेनेफेल्डरनें या साध्या गोष्टीचा धंदा केला. चुनखडीच्या दगडांत तेल शोषून धरण्याचा गुण आहे व पाणी धरण्याचाही आहे. त्यावर तेलकट शाईनें लिहावें. मग डिंकाच्या पाण्यांत किंचित् तेजाब मिसळून तें वरून फिरवावें. त्यामुळें अक्षरें दगडांत पक्कीं बसतात आणि मोकळी जागा तेलास वर्ज्य होते. नंतर दगड पाण्यानें भिजवून त्यावर छापण्याच्या शाईचा रूळ फिरविला, कीं ओल्या जागेवर शाई बसत नाहीं आणि अक्षरांवर तेवढी बसते. वर कागद ठेवून दाबला म्हणजे छाप उमटला. दगड पुन्हा भिजवावा, पुन्हा शाई लावावी. अशा शेंकडों प्रती निघतात. काम संपल्यावर दगड घांसून टाकला कीं नव्या लिखाणास मोकळा. शिवाय लेखकानें खळ लावलेल्या कागदावर आपल्या नेहमींच्या हातानें सुलटें लिहावें व तें लिखाण दाबून दगडावर उतरून घ्यावें, अशी सोयही होती. म्हणजे दगडावर उलटीं अक्षरें काढण्याचा त्रास चुकला. या छापास आपल्याकडे शिळाछाप हें नांव पडलें.

ही विद्या समुद्र ओलांडून मुंबईस येण्यास फार काळ लागला नाहीं. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें शिळाछापखाना ठेवला व शाळांकरितां मराठी पुस्तकें त्यावर निघूं लागलीं. परंतु तीं यंत्रें, ते दगड व ती शाई विलायतेहून यावयाचीं, आणि त्यांचा खर्च सरकारनें सोसावयाचा. एतद्देशीय मनुष्यानें स्वतःच्या बळावर असा छापखाना काढावा, ही गोष्ट कोणाच्या मनांत आली नव्हती. ती गणपत कृष्णाजींच्या मनांत आली.

त्यांनीं आरंभ केला तो अगदीं लहान. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या उद्योगाची हकीकत नमूद केली आहे. घरच्या घरीं एक लांकडी यंत्र बनवावें, दगडाचा लहान तुकडा मिळवून त्यावर प्रयोग करावे, शाई आपल्याच हातानें तयार करावी, असा त्यांचा क्रम होता. नोकरी संभाळून उरलेल्या वेळांत हें चाले. या कामांतील अडचणी वाचकांनीं मनांत आणून पाहाव्या. दगड कोणताही चालत नाहीं. आपल्या अमरावतीचा परकोट ज्या काळ्या पत्थराचा बांधलेला आहे, तो तट बांधण्यास उत्तम. परंतु तो चुनखडीप्रमाणें तेल पीत नाहीं व सौम्य तेजाबास तशी दादही देत नाहीं, म्हणून छापण्यास निरुपयोगी. शाई पातळ झाली तर ओल्या जागेवर पसरून पान काळें होतें. घट्ट झाली तर अक्षर तुटतें. पाणी कमी पडलें तर सर्व दगड शाई धरतो. अधिक झालें तर कागद भिजून फुगतो. मुंबईच्या पावसाळी हवेंत जें प्रमाण जमलें तें उन्हाळ्यांत जमत नाहीं. यांतील एकही गोष्ट पुस्तकांत वाचून येण्यासारखी नव्हती. दगड, डिंक, तेल व पाणी यांचा परस्परांशीं असलेला स्वभाव हातानें ओळखूनच ती साधावयाची होती, आणि गणपत कृष्णाजी यांनीं ती साधली.

इ. स. १८३१ च्या मार्च महिन्यांत, शके १७५३ च्या आरंभीं, त्यांनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केलें. पहिला मोठा प्रयोग म्हणून पंचांगच निवडण्यांत त्यांची व्यवहारदृष्टि दिसून येते. पंचांग प्रत्येक घरास लागतें व दरवर्षीं नवें लागतें. म्हणजे गिऱ्हाईक एकदांच येऊन परत जाणारें नव्हे. त्यांतील कोष्टकें, उभ्या-आडव्या रेघा व बारीक आंकडे खिळ्यांनीं जुळविणें फार जिकिरीचें. परंतु लेखकाच्या हातास व शिळेस तें सोपें. आणि मूळ प्रत एकदां नीट तपासून शिळेवर उतरली, कीं सर्व प्रती सारख्याच निघणार. नकलेगणिक वाढणारी चूक येथें खुंटली. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या झेनेफेल्डरनें ही कला शोधून काढली, तो त्या वेळीं हयात होता. तो १८३४ साली म्यूनिक शहरीं वारला. म्हणजे शोधकाच्या जन्मांतच, त्याच्यापासून हजारों मैलांवर, त्याची भाषा न जाणणाऱ्या एका मराठी कामकऱ्यानें ती कला आत्मसात् करून आपल्या लोकांच्या नित्याच्या गरजेस लाविली होती.

तथापि पंचांग छापणें निराळें आणि लोकांनीं तें घेणें निराळें. त्या काळीं छापील कागदाविषयीं सनातनी मंडळींच्या मनांत मोठा किंतु होता. आपल्याकडील आरंभींचीं बरीच छापील पुस्तकें मिशनऱ्यांनीं काढलेलीं. तेव्हां छापणें म्हणजे धर्म बुडविण्याचें साधन, अशी पुष्कळांची समजूत. त्यांत आणखी शाईंत जनावराची चरबी असते असा बोभाटा. मग असा कागद सोवळ्यांत हातीं घ्यावा कसा? आणि देवघरांत ठेवावा कसा? कित्येक वैदिक व शास्त्री छापील पोथीस स्पर्शही करीत नसत. या समजुतीस हंसणें आज सोपें आहे. पण ज्यास आपला छापखाना त्याच लोकांच्या पैशांवर चालवावयाचा होता, त्यापुढें हा जीवनमरणाचा प्रश्न होता. लोकांस अडाणी म्हणून त्यांच्याशीं वाद घालीत बसावें, कीं भिऊन हा धंदाच सोडून द्यावा?

गणपत कृष्णाजी यांनीं दोन्ही केलें नाहीं. धर्मग्रंथांच्या छपाईसाठीं त्यांनीं शाईंत चरबीऐवजीं तूप वापरलें, असें सांगतात. ही युक्ति वरवर पाहतां केवळ गिऱ्हाइकाची मनधरणी वाटेल. परंतु तींत त्यांचें खरें ज्ञान आहे. जो मनुष्य नुसती नक्कल करणारा असता, त्यास अमुक पदार्थ घाला म्हटल्यावर तोच घालावा लागला असता. गणपत कृष्णाजींस कारण ठाऊक होतें. शाईनें पाण्यास दूर सारलें पाहिजे, याकरितां तिच्या अंगीं स्निग्धपणा हवा. तो कोणत्या पदार्थापासून येतो याची दगडास पर्वा नाहीं. तूपही स्निग्धच. म्हणून सोवळ्याचा नियम व शिळेचा नियम, असे दोन्ही त्यांस एकदम पाळतां आले. ज्यास आपल्या कामाचें मर्म कळतें तोच दुसऱ्याच्या भावनेस जागा करून देऊं शकतो. ज्यास तें कळत नाहीं तो हट्ट धरून बसतो. लोकांचा संशय हळूहळू मावळला, आणि जीं घरें छापील कागदास शिवत नसत, त्याच घरांत छापील पंचांगाची पाडव्यास पूजा होऊं लागली.

शिळाछाप उत्तम चालूं लागल्यावर दुसरा एखादा तेवढ्यावर संतुष्ट राहिला असता. परंतु शिळेच्या अंगीं एक उणेपणा होता, तो गणपत कृष्णाजी यांच्या दृष्टीआड झाला नाहीं. मोठा ग्रंथ छापावयाचा तर प्रत्येक पान लेखकाकडून लिहवून घ्यावें लागे, आणि छापाचा सुबकपणा त्या लेखकाच्या हातावर अवलंबून राही. यास्तव त्यांनीं खिळ्यांच्या छपाईकडे लक्ष वळविलें. मिशनच्या छापखान्यांत डोळ्यांनीं पाहिलेली विद्या आतां हातानें करावयाची होती. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोंकावर उलटें अक्षर कोरावयाचें. हा ठसा तांब्यांत ठोकून त्याचा खोल सांचा करावयाचा. मग त्या सांच्यांत वितळलेलें शिसें ओतून हवे तितके खिळे पाडावयाचे. कोरणीचा एक फटकारा अधिक झाला कीं ठसा फुकट गेला. आणि अशीं शेंकडों अक्षरें. १८४० च्या सुमारास त्यांनीं आपले स्वतःचे खिळे सिद्ध केले, व जें पंचांग पूर्वीं शिळेवर छापीत तें पुढें खिळ्यांवरही छापूं लागले. त्यांच्या छापाचा स्वच्छपणा व शाईचा तुकतुकीत काळेपणा यांची त्या काळच्या जाणकारांनीं वाखाणणी केली आहे. ज्यांनीं एके काळीं दुसऱ्याच्या छापखान्यांत रोजानें काम केलें, त्यांच्या स्वतःच्या छापखान्यांत आतां शिळाछापाचीं व लोखंडी अशीं दोन्ही प्रकारचीं यंत्रें चालत होतीं, आणि शास्त्रीपंडित आपले ग्रंथ घेऊन त्यांच्या दाराशीं येत होते.

१८६० च्या सुमारास गणपत कृष्णाजी कालवश झाले. छापखाना त्यांच्या मागें चालू राहिला. परंतु त्यांचा खरा वारसा त्याहून मोठा आहे. अमेरिकन मिशनच्या त्याच छापखान्यांत, त्याच ग्रॅहॅमच्या हाताखालीं, पुढें जावजी दादाजी चौधरी हा एक गरीब मुलगा लहान वयांत कामास लागला. १८३९ साली जन्मलेल्या या मुलानें मोठेपणीं १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. आणि त्या छापखान्याचे सुंदर संस्कृत ग्रंथ काशीपासून रामेश्वरापर्यंत व विलायतेंतील विद्यालयांतही गेले. निर्णयसागराचें नांव प्रथम ज्या पुस्तकानें घरोघर झालें तेंही पंचांगच. छापण्याची कला हळूहळू मुंबई-पुण्याबाहेर पसरली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या अकोल्यास ‘वऱ्हाड समाचार’ हें पत्र निघूं लागलें. वऱ्हाडच्या कापसाचा भाव व वऱ्हाडच्या रयतेचें गाऱ्हाणें छापून येण्यास मुंबईकडे पाहण्याची गरज उरली नाहीं. एका मनुष्यानें लांकडी यंत्रावर केलेल्या प्रयोगांचे तरंग असे दूरवर जातात.

येथें कोणी म्हणेल, शिळाछापाचे दिवस केव्हांच संपले. मग ही जुनी हकीकत आज कशास? शिळा गेल्या हें खरें, परंतु ती विद्या गेली नाहीं. सपाट पृष्ठभागाचा कांहीं भाग लेपानें झांकावा, उघड्या भागावर रसायनाचा प्रयोग करावा, आणि मनांतील आकृति त्या पृष्ठावर उतरवावी, ही झेनेफेल्डरची कल्पना आज जगांतील सर्वांत सूक्ष्म कारागिरीचा पाया झाली आहे. गणकयंत्रांत व प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत जी चिप असते, ती सिलिकॉनच्या आरशासारख्या चकतीवर याच पद्धतीनें घडवितात. चकतीवर प्रकाशानें बदलणारा एक लेप देतात. आकृति काढलेल्या पडद्यांतून त्यावर प्रकाश पाडतात. मग धुतल्यावर लेपाचा कांहीं भाग निघून जातो व कांहीं राहतो. आणि जेथें पृष्ठ उघडें पडलें तेथें तें कोरलें जातें. या क्रियेस इंग्रजींत अद्यापि लिथोग्राफी असेंच म्हणतात, म्हणजे शब्दशः दगडावरचें लेखन. फरक आहे तो आकाराचा. गणपत कृष्णाजींच्या पंचांगांतील बारीक आंकडा एकदोन मिलिमीटरांचा असेल. आजची रेघ नॅनोमीटरांत मोजतात, आणि एका मिलिमीटरांत दहा लक्ष नॅनोमीटर असतात. मनुष्याचा केंस सुमारें ऐंशी हजार ते एक लक्ष नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या जाडींत अशा हजारों रेघा शेजारीं शेजारीं बसतील. त्या काढण्याकरितां साधा प्रकाश जाड पडतो, म्हणून अत्यंत नव्या यंत्रांत १३.५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश वापरतात.

यापुढेंही मनुष्याचा हात गेला आहे. १८८१ साली नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८१ साली, स्वित्झर्लंडांत झुरिकजवळ बिनिग व रोरर या दोघांनीं असें यंत्र केलें कीं, त्याच्या सुईच्या टोंकानें धातूच्या पृष्ठावरील एकेक अणु चांचपतां येतो. १९८९ साली अमेरिकेंत अशाच सुईनें झेनॉन वायूचे ३५ अणु एकेक ढकलून तीन अक्षरें मांडण्यांत आलीं. १९९९ साली तेथेंच अशी रीत निघाली कीं, तसल्याच सूक्ष्म टोंकास रेणूंची शाई लावावी आणि बोरूनें लिहावें तशी सोन्याच्या पृष्ठावर रेघ ओढावी. ही शाई टोंकावरून पृष्ठावर उतरते ती हवेंतील ओलाव्याच्या एका अतिसूक्ष्म थेंबांतून. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, शाई, पाणी व पृष्ठ यांचा तोच जुना त्रिवेणीसंगम येथेंही आहे. आणि ज्या मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं लांकडी यंत्र उभें केलें, त्याच मुंबईंत पवई येथील आय. आय. टी. मध्यें अशा सूक्ष्म रचना घडविण्याची प्रयोगशाळा आज चालू आहे. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी उद्यां तेथें काम करीत असेल, अशी आशा धरण्यास कांहीं हरकत नाहीं.

परंतु तेथें जाण्यापूर्वीं त्यानें गणपत कृष्णाजी यांच्यापासून एक गोष्ट शिकून जावी. परदेशांतून आलेलें यंत्र विकत घेणें सोपें असतें. तें बिघडलें कीं आपण पुन्हा परदेशाकडे तोंड करतों. गणपत कृष्णाजी यांनीं यंत्र विकत घेतलें नाहीं, त्याचें तत्त्व घेतलें. म्हणून शाई संपली तेव्हां त्यांनीं शाई केली, खिळे हवे झाले तेव्हां खिळे पाडले, आणि लोकांनीं चरबी नाकारली तेव्हां तूप घेतलें. हें सर्व त्यांनीं पाठशाळेंतील विद्येच्या बळावर केलें नाहीं. पाहावें, करून बघावें, चुकलें तर कां चुकलें याचा शोध घ्यावा, एवढ्याच बळावर केलें. पालकांनींही एक विचार करावा. आपला मुलगा किंवा मुलगी घरीं मोडकें यंत्र उघडून बसली, हात काळे करून घेतले, तर अभ्यास सोडून हा काय उद्योग, असें आपण रागावून म्हणतों. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका घरांत एक मनुष्य रात्रीं असेच हात काळे करून बसला होता. येत्या पाडव्यास पंचांगाची पूजा होईल, तेव्हां त्या काळ्या हातांची आठवण आपण अवश्य करावी.